चौपदरीकरण : रस्ता आखायचा उभा, अडतो तो आडवा

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातला एक तरुण अभियंता नुकताच एका सल्लागार संस्थेत डीपीआरच्या, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाच्या, कामाला लागला आहे. काळ्या रानातून जाणारा ६० किलोमीटरचा दोनपदरी रस्ता चौपदरी करायचा आहे. तो विचारतो, सुरुवात कुठून करू, रुंदीकरण दोन्ही बाजूंनी की एकाच, रस्ता गावातून न्यायचा की बाहेरून? आणि शेवटी एक ओळ : "आमच्या चुलत्यांचं रान याच रस्त्याला लागून आहे. रोज फोन करून विचारतात, आपली विहीर जाते का. त्यांना काय सांगू?"

चुलत्यांचं शेवटी सांगतो. उत्तर छोटंच आहे, पण मधलं कळल्याशिवाय पटायचं नाही.

माझी २८ वर्षं रस्त्यांच्या आखणीत गेली, त्यातली बरीचशी गोदावरी आणि मांजरा यांच्या मधल्या पट्ट्यात. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. रस्ता आपण उभा आखतो आणि तो अडतो आडवा. या टोकाहून त्या टोकाला गाडी १०० च्या वेगाने कशी जाईल, याचं गणित आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) पुस्तकांत तयार असतं. चढ किती, वळणाची त्रिज्या किती, सगळं. पण ओढ्याचं पाणी, उसाची ट्रॉली, शेरडं घेऊन निघालेली म्हातारी, शाळेची पोरं, या रानातल्या विहिरीवरून त्या रानात गेलेला पाइप, हे सगळे रस्ता आडवा ओलांडतात. त्यांचं गणित कुणी तयार करून ठेवलेलं नसतं. ते तुम्हाला करायचं आहे.

आधी मुळातला प्रश्न : चौपदरी लागतो का? मैदानी भागात साध्या दोनपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला १५,००० पीसीयू धरतात. पीसीयू म्हणजे लहान-मोठी सगळी वाहनं मोटारीच्या हिशेबात मोजायचं एकक. चौपदरीचा विचार कधी सुरू करायचा, ती पातळी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१४ मध्ये १५,००० वरून १०,००० वर आणली. म्हणजे तुमचा आकडा ८,००० आला की १२,००० आला यावर सगळा प्रकल्प उभा आहे आणि आपल्या भागात हा आकडा महिन्यावर अवलंबून असतो. मे महिन्यात सात दिवस मोजणी केलीत तर रस्ता रिकामा दिसेल. गाळप हंगामात त्याच नाक्यावर उभं राहून बघा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ पीसीयू आणि बैलगाडीला ८. समजा दिवसाला ६०० ट्रॉल्या कारखान्याकडे जातात, तर तेवढ्यानेच २,७०० पीसीयू झाले. पण हंगाम पाच महिन्यांचा, म्हणून वर्षभराचा आकडा तसाच फुगवणंही चुकीचं. त्यासाठी रस्त्यावरच्या पंपांची महिनावार डिझेल विक्री मागून घ्या आणि हंगामी गुणक त्यावरून काढा. सात दिवसांत आठवडी बाजाराचा वार सापडतोच, फक्त त्या दिवसाचे आकडे सरासरीत बुडवू नका, वेगळे ठेवा.

जुने आकडे हाती आले तर तारीख बघा. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. जालना, छत्रपती संभाजीनगरकडून मुंबईला जाणारी जड वाहनं कोणत्या रस्त्याने जातात, हे त्यानंतर बदललं. २०१९ ची मोजणी घेऊन वर्षाला पाच टक्के वाढ लावत बसलात तर ते कागदावरचं चौपदरीकरण होईल. अक्षभाराचंही, म्हणजे वाहनाच्या एका आसावर येणाऱ्या वजनाचंही, तसंच. जुलै २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी अक्षाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला की झीज सोळा पट. वाळूचे हायवा आणि उसाच्या ट्रॉल्या वजन करायला थांबत नाहीत, शेताच्या वाटेने वळून जातात. त्यांना गाठायचं तर कारखान्याच्या वजनकाट्यावरच जा.

आकडा काठावर आला तर बाजूपट्ट्या डांबरी केलेला दोनपदरी रस्ता आणि मोजक्या ठिकाणी बायपास, हा पर्याय अहवालात खर्चासकट मांडा. साहेबांना आवडणार नाही. तरी मांडा.

आता पाणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच आहे.

एका तालुक्यातला सपाट, खोल काळ्या मातीचा पट्टा होता. जुना रस्ता जवळजवळ रानाच्या पातळीला. आम्ही नकाशात निळ्या रेघेने दाखवलेल्या प्रत्येक ओढ्यावर मोरी दिली, हिशेब चोख केला आणि रस्ता दीड मीटर भराव टाकून उचलला. नकाशात ओढा नव्हता तिथे काहीच दिलं नाही. पहिल्याच सप्टेंबरच्या मोठ्या पावसात, ऐन सोयाबीन काढणीच्या तोंडावर, चाळीसेक एकरांत पाणी तुंबलं ते आठवडाभर हललं नाही. मी गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फक्त एवढंच सांगितलं : "सायेब, आधी पानी सडकेवरून दोन घंट्यात उतरून जायचं. आता सडक हाय, पन पानी जायना." त्या रात्री कुणीतरी जेसीबी लावून भराव फोडला. गुन्हा गावकऱ्यांवर दाखल झाला. चूक माझी होती.

तिथे ओढा नव्हताच. पाणी पसरट, वीतभर खोलीने शेकडो मीटर रुंदीत वाहत होतं आणि रस्ता त्याच्या आड बांध होऊन बसला. अशा जागी एक मोठी मोरी पुरत नाही. थोड्या थोड्या अंतरावर लहान मोऱ्या द्याव्या लागतात आणि रस्ता गरजेपेक्षा जास्त उचलायचा मोह आवरावा लागतो. या जागा लॅपटॉपवर पूर्ण दिसत नाहीत. ड्रोनची उंचीची माहिती मदत करते, पण उभ्या पिकात तीही फसते. रस्ता दोनदा चाला, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पोळ्यानंतर, रान पाणी पिऊन फुगलेलं असताना. तारेच्या कुंपणाला काडीकचरा किती उंचीवर अडकला आहे बघा. देवळाच्या पायरीवर पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. माणसं वर्ष चुकतील, पायरी चुकणार नाहीत.

आणि निजामाच्या काळातली दगडी कमानीची मोरी दिसली की तिथे पाच मिनिटं उभे राहा. त्या माणसांनी ती उगाच तिथे बांधलेली नाही. ती मोडून जागेवर १२०० मिलिमीटरचा एक पाइप टाकून मोकळं होण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. किमान तिच्या कमानींचं एकूण क्षेत्रफळ काढा आणि तुमच्या नव्या मोरीशी ताडून बघा.

"हा दुष्काळी भाग, इथे कशाला एवढ्या मोऱ्या" असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मांजरा नदीला सप्टेंबर २०२१ मध्ये धरणाचे दरवाजे उघडल्यावर पूर आला आणि काठची शेतं खरवडून गेली. आपल्याकडे पाऊस कमी असतो म्हणजे कमी दिवस असतो. पडतो तेव्हा एकदम पडतो.

पाण्याचाच भाऊ म्हणजे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर, म्हणजे मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, दोन-तीन टक्के निघतो आणि फुगवटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर ती माती भरावात चालत नाही. मग मुरूम आणायचा किंवा चुन्याने माती सुधारायची. हिशेब करून बघा : नव्या बाजूची रुंदी १३ मीटर आणि जाडी फक्त अर्धा मीटर धरली तरी किलोमीटरला ६,५०० घनमीटर होतो, म्हणजे ६० किलोमीटरला ३,९०,०००. दहा घनमीटरच्या टिप्परने ३९,००० खेपा! हा मुरूम कुठून येणार हे डीपीआरमध्ये नकाशावर, गट नंबरासह दाखवलं नाही, तर ठेकेदार जवळची टेकडी पोखरतो नाहीतर काळी मातीच दाबून टाकतो. दुसरं जास्त होतं.

शेजारच्या बुलढाण्यात तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाला वापरली गेली. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात तो हाच. मराठवाड्यात हे आखणीच्या वेळीच जुळवता येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दहा किलोमीटरच्या आतले पाझर तलाव आणि गावतळी काढा, तिथे चाचणी खड्डे घ्या. एक लक्षात ठेवा, वरचा काळा गाळ रस्त्याच्या कामाचा नाही, तो शेतकऱ्याच्या रानात जाऊ द्या. आपल्याला खालचा मुरूम हवा. तलावाची गळती वाढणार नाही इतपतच खोल जायचं, ते पाटबंधाऱ्याच्या माणसाकडून लिहून घ्या.

रुंदीकरण एका बाजूने की दोन्ही? उघड्या रानात शक्यतो एका बाजूने. जुन्या रस्त्यावर वाहतूक चालू राहते, नवी बाजू निवांत बांधता येते आणि जमीन एकाच अंगाच्या खातेदारांची जाते. दोन्ही बाजूंना सारखं वाढवलं की नव्या-जुन्याचा सांधा दोन ठिकाणी येतो आणि काळ्या रानात त्या सांध्यावर लांबच लांब चीर पडतेच. काठची माती ऋतूप्रमाणे खाली-वर होते, मधली होत नाही. आता विहिरी, शाळा, वडाची झाडं वाचवायला आज डावीकडे, उद्या उजवीकडे असं करावंसं वाटेल. पण प्रत्येक बदलाला दोन उलटी वळणं लागतात. सरळ रस्त्यावर विनाकारण वळण टाकलं की तिथे अपघात होतात. बाजू बदलायची तर जिथे मुळातच वळण आहे तिथे बदला.

गावांचं मात्र एकच एक उत्तर नाही. बायपास केला की फाट्यावरचा चहावाला, पंक्चरवाला, रसवंती यांचं पोट जातं. गावातून नेला तर घरं जातात. आणि काँक्रीटचा थर चढत चढत रस्ता वर आणि घराचा उंबरा खाली, मग प्रत्येक पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत. माझं मत विचाराल तर, जिथे दोन्ही बाजूंची घरं रस्त्याला चिकटली आहेत आणि शाळा एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला आहे, तिथे बायपासच. पण पुढचं काम तिथे संपत नाही. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरची इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटरची नियंत्रण रेषा (तिच्या आत परवानगीशिवाय नाही) कागदावर असते, प्रत्यक्षात बायपास होताच दोन वर्षांत त्याला चिकटून प्लॉटिंग आणि धाबे उभे राहतात. म्हणून बायपास गावाच्या त्या अंगाला न्या जिकडे गाव वाढत नाही. गाव कुठे वाढतंय हे कळायला तलाठ्याकडे एनए (बिगरशेती) झालेले गट विचारा.

भुयारी मार्गाची उंची हा पुस्तकी विषय वाटतो. हलक्या वाहनांसाठी ४ मीटरचा आराखडा तयार असतो, तोच सगळीकडे चिकटवला जातो. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली किंवा कडब्याची गाडी टेप घेऊन मोजा, मग ठरवा. ट्रॉली खालून जात नसेल तर ती वरून जाणार, दुभाजक फोडून जाणार. दुभाजकातली तोंडं साधारण दोन किलोमीटरवर ठेवतात. समोर दिसणाऱ्या रानात जायला चार किलोमीटर डिझेल जाळायला कुणी तयार होत नाही, ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतो आणि रात्री त्याला मागचा दिवा नसतो. यात शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, आपण त्याला वाट ठेवलेली नसते. गावनकाशावरचे पाणंद रस्ते आणि शिवरस्ते तुमच्या आराखड्यावर आधी चढवा, मग भुयारी मार्ग कुठे ते ठरवा. त्यात पाणी साचणार असेल आणि उतार काढायला जागा नसेल तर तो भुयारी मार्ग पावसाळ्यात हौद होतो. तिथे रस्ताच उचलून खालची वाट जमिनीच्या पातळीला ठेवा.

एसटीचं विसरू नका. आपण सेवारस्त्यावर छान बसथांबा काढतो आणि लालपरी वरून मुख्य रस्त्यानेच निघून जाते. माणसं मग दुभाजक ओलांडून पळतात. आगारप्रमुखाला भेटून कोणत्या फेऱ्या कुठे थांबतात ते विचारून घ्या. रस्त्यावरून पायी यात्रा जात असेल तर तिचीही तारीख टिपा. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरकडे सोलापूरच्या अंगाने एवढी माणसं चालत येतात की वाहतूक वळवावी लागते. तुमच्या ६० किलोमीटरवर असं काही असेल तर बाजूला पायवाटेची रुंदी आणि सावलीची झाडं आराखड्यातच हवीत.

जमिनीबद्दल. सध्या ताब्यात २४ मीटर असेल आणि ६० मीटर हवे असतील तर किलोमीटरला ३.६ हेक्टर, म्हणजे जवळपास ९ एकर नवी जमीन. ४५ मीटरवर भागलं तर २.१ हेक्टर. म्हणून "सगळीकडे ६० मीटर" असं सरसकट लिहू नका. सेवारस्ता आणि भुयारी मार्ग जिथे खरोखर येणार तिथे जास्त घ्या. आणि ते २४ मीटर तरी खरे आहेत का बघा. आपल्याकडचे किती तरी रस्ते १९७२ च्या दुष्काळी कामावर झाले. रोजगार मिळाला म्हणून लोकांनी रान सोडलं, संपादन झालंच नाही. सातबाऱ्यावर रस्त्याखालची जमीन आजही शेतकऱ्याच्या नावे निघते आणि तो म्हणतो, आधी जुन्याचे पैसे द्या. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नसतं. त्यात हैदराबाद संस्थानातून आलेल्या इनामी आणि देवस्थानच्या जमिनी, वर्ग दोनच्या (विकायला सरकारी परवानगी लागते अशा) नोंदी, उर्दूतले जुने कागद. मोबदला कुणाला द्यायचा यावरच वर्षं जातात. असे गट आखणीच्या वेळी लाल रंगाने दाखवा. शक्य तिथे रेषा दहा मीटर सरकवली तर पुढची तीन वर्षं वाचतात. कामाचा आदेश निघायचा तर ८० ते ९० टक्के जमीन हातात लागते, त्यामुळे हा लाल रंगच तुमचं वेळापत्रक ठरवतो.

बाकीच्या गोष्टी झटपट. तुमचा रस्ता १०० किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे केंद्राची पर्यावरण मंजुरी बहुधा लागणार नाही. वनजमिनीचा तुकडा मध्ये आला तर मात्र वनखात्याची लागेल आणि तिला वेळ लागतो, अर्ज पहिला टाका. काळवीट कुठे रस्ता ओलांडतात ते रात्रीच्या ट्रकवाल्यांना माहीत असतं. विजेचे खांब, पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, फायबर यांच्यासाठी कडेला वेगळा पट्टा आत्ताच राखा.

आता चुलते.

पहिलं काम तुमचं : टीम लीडरला आजच लेखी कळवा की अमुक गावात आमच्या घरचं रान रस्त्याला लागून आहे, त्या पट्ट्याची आखणी माझ्याकडे नको. आणि रेषा कुठून जाते हे अधिसूचना निघेपर्यंत घरी सांगू नका, चुलत्यांनाही नाही. एका घरात कळलं की आठवड्यात तालुक्यात कळतं. मोबदला काढताना आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात, त्यामुळे ती बातमी आधीच चढ्या भावाची खतं करून ठेवणाऱ्या कुणाच्या तरी कामाची असते. चुलते रागावतील, रागावू द्या.

पण जे सांगता येतं ते सगळं सांगा. विहीर सातबाऱ्यावर नोंदलेली आहे का बघायला सांगा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज आजच. फळझाडं, पाइपलाइन, बोअर यांचंही तेच. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस असतात. ती वर्तमानपत्रात येते आणि प्रांत कार्यालयात लागते. गावात कुणी दवंडी देईल या भरवशावर राहू नका. हरकतीत नुसतं "विरोध आहे" लिहून काही होत नाही, "विहीर इथे आहे, समोरच्या अंगाला पडीक आहे, रेषा तिकडे सरकवता येते" असं नकाशासह लिहिलं तर निदान विचार होतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी त्यांनी रानात हजर राहावं. विहिरीची खोली, बांधकाम, आडवे बोअर, मोटर हे पंचनाम्यात उतरलं की नाही ते वाचून मगच सही करावी.

आणि विहीर वाचली, पण अर्धं रान पलीकडे गेलं, तर भरावाखालून पाइपसाठी सिमेंटचा नळा आधीच टाकून मागावा. काम सुरू व्हायच्या आधी मागितला तर एका पत्रावर मिळतो. रस्ता झाल्यावर तोच नळा टाकायला नवा रस्ता खोदायची परवानगी लागते आणि ती चुलत्यांना कुणी देणार नाही.